मजकूर वाचून ज्ञान गोळा करणारा प्रोग्राम भरकटतो

प्रश्न: शहरांची १२ बीज-उदाहरणं (सुरुवातीला हातानं दिलेली नावं) देऊन ‘नेल’सारखा, म्हणजे मजकूर वाचून दर फेरीत आपणहून नवी नावं शिकणारा, प्रोग्राम मराठी मजकुरावर चालवतोय. चौथ्या फेरीपासून शहरांच्या यादीत नद्या, जिल्हे येतात. कुठं चुकतंय?

उत्तर १: एकटा वर्ग, म्हणजे फक्त शहरं, शिकवला की हे व्हायचंच. कार्नेगी मेलनच्या ‘नेल’मध्येही (२०१० मध्ये सुरू झालेला) ‘इंटरनेट कुकीज’ बेकरीच्या पदार्थांत शिरल्या, मग कॉम्प्युटरच्या फाइलीही त्यांच्या मागोमाग! एक चूक पुढच्या फेरीचं बीज होते. नदी, व्यक्ती, फळ हे वर्ग सोबत शिकवा आणि ‘शहर असेल तर नदी नाही’ अशी बंधनं घाला. जिल्ह्यांना मात्र हे बंधन लावू नका. सातारा दोन्ही आहे. एकाच स्रोताचा दावा (० ते १ च्या मापात) ०.९ च्या वर विश्वासार्हता असेल तरच घ्या; त्याखालचा दोन-तीन स्वतंत्र स्रोतांनी दुजोरा दिला तर.

उत्तर २: आधी सामान्यरूपं बघा. ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ मूळ ‘पुणे’वर आणली नाहीत तर पुरावा विखुरतो. ‘-ला गेलो’ हा साचा (नावं ओळखायची शब्दरचना) काढून टाकाच, त्यात लग्नही बसतं. ‘यांसारखी शहरे’ हा चांगला, पण नावं त्याच्या आधी येतात, म्हणून डावीकडे शोधा.

प्रश्नकर्ता: डावीकडे शोधतच नव्हतो. आणि दर फेरीनंतर हातानं तपासायचं?

उत्तर १: हो, निदान नव्यानं शिकलेले साचे तरी. एक वाईट साचा शेकडो चुका आणतो.