अंतराळवीर की अंतराळयात्री?

प्रश्न (कोल्हापूर): १२ एप्रिलला शाळेच्या फलकावर युरी गागारिन यांची माहिती लावायची आहे. मजकूर तयार आहे, अडलंय मथळ्यावर. मी ‘पहिले अंतराळवीर’ लिहिलंय. आमच्या विज्ञानाच्या सरांचं म्हणणं, ‘अंतराळयात्री’ लिहा. व्होस्टोक-१ आपोआप चालणारं यान होतं, १९६१ च्या त्या १०८ मिनिटांत गागारिन यांना ते चालवायचं नव्हतंच, मग ‘वीर’ कशासाठी? शिवाय ‘अंतराळ’ बरं की ‘अवकाश’?

उत्तर: ताई, ‘वीर’च ठेवा. सरांची माहिती बरोबर आहे, पण तिच्यातूनच उलटा निष्कर्ष निघतो. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही, याचीच तेव्हा खात्री नव्हती. म्हणून हातानं चालवायची यंत्रणा कुलूपबंद ठेवली होती आणि ती उघडायचा आकडा, १२५, पाकिटात बंद करून यानात ठेवला होता. (उड्डाणाआधी तो त्यांच्या कानावर घातला गेला, ही माणुसकी मला फार मोलाची वाटते.) परतीच्या वाटेवर यानाचा मागचा भाग पूर्ण सुटला नाही, तारांनी अडकून राहिला आणि गागारिन बसले होते तो गोळ्यासारखा भाग गरगरू लागला. वातावरणाच्या उष्णतेनं त्या तारा जळाल्या तेव्हा कुठे तो मोकळा झाला. मग सुमारे सात किलोमीटर उंचीवर आसनासकट बाहेर फेकलं जाऊन गागारिन पॅराशूटनं व्होल्गाकाठच्या शेतात उतरले. हे सगळं होत असताना हाती काहीही नसणं आणि तरी शुद्ध ठेवून निरीक्षणं सांगत राहणं, याला ‘प्रवास’ म्हणवत नाही.

आपल्याकडचा ‘वीर’ही असाच आहे. जिल्ह्यात देवळांच्या आवारात वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, दिसतात. खालच्या चौकटीत पडलेला माणूस, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच. त्यातल्या कित्येकांनी लढाई जिंकलेली नाही. कुणी गावची गुरं सोडवताना गेला, तरी दगड त्याचाच उभा राहिला. जीव पणाला लावला, एवढं पुरे होतं.

आणखी एक मत: गागारिन यांच्यापुरतं मान्य. पण सरसकट सगळ्यांना ‘वीर’ नको. पैसे भरून काही मिनिटं वर जाऊन येणाऱ्याला ‘अंतराळ पर्यटक’ हा चांगला शब्द आहे. गगनयान मोहिमेसाठी ‘गगनयात्री’ रुळतोय, तोही गोड आहे. रशियन ‘कोस्मोनाव्त’चा मूळ अर्थ ‘विश्वाचा नाविक’ असा. त्यात शौर्य नाही, कसब आहे.

‘अवकाश’बद्दल: बोलीत त्याचा अर्थ वेळ. ‘गाडीला अजून अवकाश आहे’ हे रोजचं वाक्य. ‘अवकाश संशोधन’ मात्र पक्कं बसलंय, ते बदलू नये. माणसाला ‘अंतराळ’ शोभतं, कारण ‘अंतराळी’ म्हणजे अधांतरी, खाली टेकायला काही नाही असं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या रडारनं ८०-९० किलोमीटरवरचे वारे मोजले गेले आहेत, पण ते अजून वातावरणच. १०० किलोमीटरच्या पुढे अंतराळ धरतात. गागारिन यांचं यान ३२७ किलोमीटरपर्यंत गेलं होतं.

मूळ प्रश्नकर्ती: आभार. मथळा ‘पहिले अंतराळवीर’ असाच ठेवते आणि कुलपाच्या आकड्याची गोष्ट मजकुरात घालते. १९६३ च्या व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा यांच्यासाठी ‘अंतराळवीरांगना’ लिहावं का?

उत्तर: नको. डॉक्टर, वकील जसे दोघांनाही चालतात तसंच हे. ‘पहिल्या महिला अंतराळवीर’ लिहा. त्यांनी ४८ प्रदक्षिणा घातल्या, तो आकडा मोठ्या अक्षरांत येऊ द्या.