मॅग्नेशियमवर पीएचडी आणि पुढची नोकरी

मॅग्नेशियमवर पीएचडी केली तर पुढे नोकरी मिळेल का, असं वर विचारलंय. मिळेल, पण एकट्या मॅग्नेशियमवर विसंबू नका. घनता जेमतेम १.७४ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर (ॲल्युमिनियमची २.७०), म्हणजे धातू हलका, म्हणून सगळे भुलतात; पण षट्कोनी स्फटिकरचनेमुळे पत्रा थंड असताना वाकवला की तडे जातात, गंजाची कटकट वेगळीच.

माझा कौल ॲल्युमिनियमच्या पुनर्वापराला. भंगार वितळवायला नवा धातू बनवण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. मात्र भंगारातून लोह शिरतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे दिसणारे ठिसूळ कण तयार होतात. हे आटोक्यात ठेवणारा माणूस फाउंड्रीलाही (धातू ओतणाऱ्या कारखान्यालाही) हवा असतो, विद्यापीठालाही.

नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमच्या एनटीएनयू या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या पीएचडीच्या जागा बघत राहा. नॉर्वेत पीएचडीवाला बहुतेकदा पगारी कर्मचारीच असतो.