लैंगिक हिंसेवरील संशोधन समाजमाध्यमांवर कसे मांडावे?

रावपुरा_अभ्यासक: नमस्कार. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील समाजकार्याचा माझा लघुप्रबंध पूर्ण होत आला आहे. बडोद्यातील विवाहित मराठी स्त्रियांनी घरात सोसलेली लैंगिक हिंसा हा त्याचा विषय असून मुलाखती हा त्याचा गाभा आहे. प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडू नये, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या घरांत त्यावर बोलणे व्हावे, म्हणून इन्स्टाग्रामवर आणि आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही पोस्ट टाकण्याचा विचार आहे. स्त्रियांची वाक्ये नावे बदलून द्यावीत का? आणि सोबत आकडेवारी कोणती घ्यावी?

निवृत्त_प्राध्यापिका: ताई, त्या स्त्रियांनी संमती कशासाठी दिली होती, हे संमतिपत्र काढून आधी पाहा. ती प्रबंधापुरती असेल, तर इन्स्टाग्रामसाठी ती चालणार नाही. पुन्हा विचारावे लागेल, आणि विचारण्यासाठी केलेला फोन सासरच्या माणसाने उचलला तर काय, याचाही विचार आधीच करावा लागेल. नाव बदलल्याने माणूस लपतो, हा समज बडोद्यातील मराठी वस्तीत तरी टिकणारा नाही. ‘सासरे पेन्शन आणायला बँकेत गेले की घरात आम्ही दोघेच असायचो, आणि मला त्याच वेळेची धास्ती वाटायची’ असे एखादे वाक्य घ्या. त्यात नाव नाही, पत्ता नाही. पण नणंदेने ते वाचले, तर बोलणारी कोण हे तिला दुसऱ्या ओळीपर्यंत जाण्याआधीच कळेल. प्रबंध चार परीक्षक वाचतात, ग्रुपवरची पोस्ट मात्र नेमकी नात्यागोत्यात फिरते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एकीचेही वाक्य जसेच्या तसे देऊ नये. अनेकींच्या बोलण्यातून जे समान सूत्र निघाले, ते आपल्या शब्दांत मांडावे.

वकील_मांजलपूर: कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड होईल असा मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की, दुरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील देता येणार नाही. पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल, तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ शाळा आणि राहण्याचा परिसरही प्रसिद्ध करू देत नाही. एक बारकावा मात्र लक्षात घ्यावा: पत्नी १८ वर्षांवरील असल्यास पतीने केलेली जबरदस्ती आपला कायदा बलात्कार मानत नाही, त्यामुळे आपल्या मुलाखतींना कलम ७२ लागू होईलच असे नाही. म्हणून प्राध्यापिकाबाईंनी सांगितलेली मर्यादा कायद्यापेक्षाही काटेकोरपणे पाळावी लागेल.

आकडेमोड: आकडेवारीविषयी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१२ साली बलात्काराचे २४,९२३ गुन्हे आहेत आणि २०१३ साली ३३,७०७. नुसता आलेख टाकलात तर ‘एका वर्षात अत्याचार एवढे वाढले’ असे शीर्षक लावून लोक तो पुढे ढकलतील. प्रत्यक्षात २०१३ मध्ये कायद्यातील बलात्काराची व्याख्या विस्तारली, संमतीचे वय १८ झाले आणि डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर तक्रारी करण्याचे प्रमाणही वाढले. ही नोंद पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचलेल्या गुन्ह्यांची असते, घडलेल्या गुन्ह्यांची नव्हे.

आपल्या विषयाला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण अधिक जवळचे आहे. त्यात हिंसेविषयीचे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, तेही पूर्ण एकांत मिळाला तरच विचारले जातात. २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. हा आकडा देताना ‘हिंसा सोसलेल्यांपैकी’ हे शब्द त्याच चित्रावर, मोठ्या अक्षरांत हवेत. खालचा मजकूर फॉरवर्ड करताना गळतो. चित्र तेवढे फिरत राहते.

रावपुरा_अभ्यासक: आपणा सर्वांची आभारी आहे. वाक्ये देणार नाही. पण एखादीने कमेंटमध्ये स्वतःचीच हकिकत लिहिली तर?

निवृत्त_प्राध्यापिका: इन्स्टाग्रामवर कमेंट बंद ठेवता येतात, पहिले काही दिवस तरी ठेवाव्यात. प्रत्येक चित्रावर गुजरातची महिलांसाठीची १८१ अभयम हेल्पलाइन द्यावी. खासगी संदेश येतीलच, म्हणून ते कोण वाचणार आणि पुढे कोणत्या समुपदेशकाकडे पाठवणार, हे ठरल्याशिवाय पहिली पोस्ट टाकू नका. मंडळाच्या ग्रुपवर मात्र आधी ॲडमिनशी बोला. तिथे हकिकत लिहिणारीचा नंबर सगळ्यांनाच दिसतो.