व्हॅक्यूम क्लीनर आठ मिनिटांत बंद पडतो, मोटर बदलायची का?

घोडबंदरची आई

नमस्कार. आम्ही कासारवडवलीला राहतो, सातवा मजला, खिडकीसमोर मेट्रोचं काम. धूळ किती येते ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मुलगा नऊ वर्षांचा आहे, दम्याचा पंप चालू आहे. गादी, उशा, पडदे आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम करा असं डॉक्टरांनी सांगितलंय, कारण धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे गादीत असतात आणि दमट हवेत वाढतात. म्हणून हे मशिन माझ्यासाठी औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

मशिन चार वर्षांचं, १४०० वॅटचं, आत कापडी पिशवी, फक्त कोरडी धूळ ओढणारं. मे महिन्यात हॉलच्या पीओपीचा तुकडा निघाला, ते काम करून घेतलं आणि कारागीर गेल्यावर उरलेली पांढरी पूड मी याच मशिनने ओढली. तेव्हापासून सात-आठ मिनिटं चालतं आणि गप्पकन बंद पडतं. एमसीबी पडत नाही. मागून गरम वारा येतो, जळका वास नाही. अर्ध्या तासाने बटण दाबलं की व्यवस्थित सुरू, आणि पुन्हा तेच. गेल्या शनिवारी एका डबल बेडच्या गादीला अख्खी दुपार गेली.

पिशवी झटकली, पुढचा स्पंज धुतला, फरक नाही. दुरुस्तीवाला घरी येऊन दोन मिनिटं ऐकून गेला. मोटर गेली म्हणाला, २८०० रुपये. नवं मशिन साडेसहा हजारांना आहे. पण मोटर गेली असेल तर ती अर्ध्या तासाने चालू कशी होते?

नेरूळचे काका

ताई, तुम्ही शेवटी विचारलंय तोच खरा प्रश्न आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात मी ३१ वर्षं मोटर वाइंडिंग केलं. जळालेली मोटर अर्धा तास विश्रांती घेऊन उठत नाही. तुमच्या मशिनमध्ये मोटरजवळ थर्मल कटआउट आहे. मोटर ठरावीक तापमानाच्या वर गेली की तो सप्लाय तोडतो, गार झाली की जोडतो. तो आपलं काम चोख करतोय. मोटर का तापते, एवढंच शोधायचं.

तुमच्या प्रकारच्या मशिनमध्ये धुळीसोबत ओढलेली हवाच पुढे मोटरमधून जाते आणि तिला गार ठेवते. मोटर मिनिटाला २०-३० हजार फेरे घेते. हवा अडली की काही मिनिटांतच तापते. पीओपीची पूड मैद्यासारखी असते. ती कापडाच्या छिद्रांत बसते आणि झटकून निघत नाही. पिशवी रिकामी दिसते, पण हवा आरपार जात नाही.

आता हे करा. पाइप काढून नुसतं मशिन चालवा आणि तोंडाशी तळहात धरा. ओढ जोरात असेल तर अडथळा पाइपात. ओढ मंद असेल तर अडथळा आत. आवाजही ऐका. हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होऊन मोटर जास्त जोरात फिरते, आवाज चिरका होतो. लोकांना वाटतं मशिन जोर लावतंय, प्रत्यक्षात ते गुदमरत असतं.

आणि पिशवीच्या मागे, मोटरच्या अगदी पुढे, एक पातळ पांढरी जाळी असते. ती पाहिलीत का? बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं.

एक कळकळीने सांगतो. कुणी ‘थर्मल डायरेक्ट करून देतो, पुन्हा बंद पडणार नाही’ म्हणालं तर मशिन त्याच्या हातात देऊ नका. कटआउट काढला तर मशिन बंद पडणार नाही हे खरं, पण मग मोटर पेटेपर्यंत चालेल. घरात लहान मूल आहे.

ऐरोली सेक्टर ८

प्लग कुठे लावता? १४०० वॅट म्हणजे साधारण ६ अँपिअर. माझ्याकडे कन्व्हर्टर लावून बेडरूमच्या छोट्या पॉइंटला जोडायचो, आतली पत्ती सैल होती, मध्येच बंद पडायचं. बंद पडल्यावर प्लगच्या पिना हाताला गरम लागतात का बघा.

घोडबंदरची आई

दोघांचे आभार. प्लग हॉलमधल्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच असतो, गरम होत नाही.

काकांनी सांगितलं तसं केलं. पाइप काढूनही ओढ मंदच. आवाज चिरका, आता लक्षात येतंय की मे महिन्यापासून तो तसाच आहे. पिशवी काढून आत टॉर्च मारला तर प्लास्टिकच्या चौकटीत जाळी होती, पापडासारखी कडक झालेली. चार वर्षांत मी ती एकदाही काढली नव्हती. पाण्याखाली धरली तर दूध वाहावं तसं पांढरं पाणी निघालं. पिशवी तीन पाण्यांतून काढली. पाइपाच्या वाकड्या तुकड्यात आइस्क्रीमची काडी आडवी बसली होती, तिला केसांचा गुंता.

पावसामुळे काही वाळत नाहीये. थोडी ओलसर असताना लावली तर चालेल?

नेरूळचे काका

अजिबात नको. ओल्या कापडावर धूळ चिखलासारखी बसेल आणि ओलावा मोटरमध्ये ओढला जाईल. पंख्याखाली दोन दिवस ठेवा. जाळी आणि पिशवी एकेक जास्तीची आणून ठेवा, पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरी चालते. पीओपी, सिमेंट, टाइल्सची पूड या मशिनने पुन्हा ओढू नका. ओल्या फडक्यानेच पुसून घ्या.

घोडबंदरची आई

तीन दिवस वाळवून आज सकाळी जोडलं. पाइप लावून सलग २५ मिनिटं चाललं. मुलाची गादी दोन्ही बाजूंनी, उशा आणि दोन पडदे झाले, मशिन एकदाही थांबलं नाही. मागचा वारा कोमट. आवाज पूर्वीसारखा खालच्या पट्टीत आला. मुलाला पलीकडच्या खोलीत बसवलं होतं, धूळ खाली बसल्यावरच आत घेतलं.

काका, एकच शंका. हे तीन महिने मोटर इतक्यांदा तापली, तिला काही झालं असेल का?

नेरूळचे काका

कार्बन तपासून घ्या, म्हणजे मोटरच्या दोन बाजूंना असतात ते चौकोनी ठोकळे. निम्म्याहून कमी उरले असतील किंवा आत मोठ्या ठिणग्या दिसत असतील तर दोन्ही एकदम बदला, मोटरच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. मिक्सर दुरुस्त करणारा चांगला माणूस हे करून देतो. समोर बसून करून घ्या, आणि कटआउट जागेवर आहे ना, ते झाकण लावण्याआधी पाहा.