बजरी (पिंजऱ्यातला छोटा पोपट, मादी) अचानक गेली, मागं राहिलेल्या नराचं काय करू? मदत हवी आहे

ताई-दादांनो, आम्ही आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) भर दुपारी लाईन गेली, कूलर बंद पडला. मी वावरात होते. संध्याकाळी येऊन पाहते तर चिंगी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली, चोच उघडी, एक पंख पसरलेला. वाटीत पाणी तसंच होतं. डॉक्टर (गुराढोरांचेच, दुसरे कुठून आणू?) म्हणाले, पाखरांना घाम येत नाही, धापा टाकून अंग थंड करतात. पिंजरा टिनाखाली मीच टांगला होता. ते डोक्यातून जातच नाही.

चार वर्षं होती. सकाळी कपबशी वाजली की ओरडायची. आता मी कपबशी हळूच ठेवते.

नर गप्प आहे. राळ्याचे दोन-चार दाणे टिपतो नि कोपऱ्यात बसतो. लगेच दुसरी मादी आणावी, की थांबावं? आणली तर वेगळ्या पिंजऱ्यात किती दिवस ठेवू? आणि सात वर्षांची पोरगी निंबाखाली पुरलेल्या जागी रोज पाणी टाकते, टाकू देऊ ना? सासूबाई म्हणतात, "पाखरूच होतं, किती रडशील!" कोणी यातून गेलं असेल तर सांगा.