आरंभीच्या ख्रिस्ती साहित्यातील सुशिक्षित स्त्रिया : वाचन कोठून सुरू करावे?

प्रश्न
नमस्कार. पहिल्या चार-पाच शतकांतील ख्रिस्ती लेखनात शिकलेल्या स्त्रियांचे स्थान मला मूळ ग्रंथांतून समजून घ्यायचे आहे. लॅटिन आणि ग्रीक येत नसल्यामुळे भिस्त इंग्रजी भाषांतरांवर आहे. रोमच्या मार्सेला आणि पॉला या विदुषींविषयीची जेरोमची (बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा ख्रिस्ती विद्वान) पत्रे आधी वाचावीत का?

उत्तर १
जेरोम थोडा मागे ठेवावा, असे मला मनापासून वाटते. ज्या मोजक्या स्त्रियांचे स्वतःचे शब्द टिकले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी. इ.स. 203 मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे ख्रिस्ती असल्याबद्दल मृत्युदंड मिळालेल्या पर्पेट्युआची तुरुंगातील टिपणे हा त्यांतला पहिला ग्रंथ. तान्हे मूल अंगावर पीत असलेली, जेमतेम बावीस वर्षांची ही तरुणी धर्म सोडण्यासाठी विनवण्या करणाऱ्या वडिलांविषयी आणि आपल्या स्वप्नांविषयी लिहिते. ती चांगली शिकलेली होती, असे संपादकाने प्रस्तावनेत मुद्दाम नोंदवले आहे. त्यानंतर चौथ्या शतकातील एगेरियाचे पवित्र भूमीचे यात्रावर्णन आणि रोमन कवी व्हर्जिलच्याच ओळी जुळवून बायबलमधील कथा सांगणारे प्रोबाचे काव्य घ्यावे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग मार्सेलाचे स्वतःचे काहीच उरलेले नाही का?

उत्तर १
तिची पत्रे हरवली; जेरोमची उत्तरे तेवढी उरली. त्यामुळे हिब्रू शब्दांच्या अर्थांविषयी ती किती नेमके विचारत असे, हे आपल्याला उत्तरांवरूनच ताडावे लागते. तिच्या मृत्यूनंतर लिहिलेले 127 क्रमांकाचे पत्र मात्र सावकाश वाचावे. जेरोम रोम सोडून गेल्यावर धर्मग्रंथांविषयी वाद निघाला की लोक मार्सेलाकडे येत, आणि ती स्वतःचे मतही जेरोमचे किंवा दुसऱ्या कोणाचे म्हणून सांगत असे, कारण स्त्रीने पुरुषांना शिकवणे त्या समाजाला मान्य नव्हते. जेरोम हे तिचा विनय म्हणून सांगतो. मला मात्र त्यात एका विदुषीचे नाव पुसले जाताना दिसते.

उत्तर २
माझी एक भर. चौथ्या शतकातील बिशप, न्यस्साचा ग्रेगरी, याने आपली थोरली बहीण माक्रिना हिचे चरित्र लिहिले, तसेच तिच्या मृत्युशय्येपाशी झालेला आत्म्याविषयीचा संवादही. त्या संवादात तो शंका काढणारा शिष्य आहे आणि ती गुरू. त्यातले किती बोल तिचे आणि किती ग्रेगरीचे, हा प्रश्न मनात ठेवून आधी चरित्र आणि लगोलग संवाद वाचावा.