अनुभव धागा: ग्वाल्हेरची लू आणि मुलांचं पाणी

धागाकर्ती, लष्कर भाग, ग्वाल्हेर
एप्रिल सरला की आपल्याकडे लू, म्हणजे उन्हाळ्यातले कोरडे गरम वारे, सुरू. हवा इतकी कोरडी की घाम येतो तसाच उडून जातो. अंग ओलं दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं मुलाला घामच नाही. खेळात रमलेलं मूल तहान लागली तरी सांगत नाही. किती पाजायचं, केव्हा आणि चुकतं कुठे, ते मोजमापासह लिहा.

बालरोग विभागातली परिचारिका, मुरार
रुग्णालयात वजनावरून दिवसाचं पाणी काढायचा 1957 पासूनचा हॉलिडे-सीगर हिशोब वापरतात, घरीही तो अंदाजाला पुरतो. वजनाच्या पहिल्या 10 किलोंना किलोमागे 100 मिली, पुढच्या 10 ना 50, त्यावर 20. म्हणजे 15 किलोच्या मुलाला दिवसाचे 1250 मिली, 24 किलोच्याला 1580. दूध, ताक, वरणाचं पाणी यातच धरा. ऊन, ताप, जुलाब यांचं वरून द्यायचं.

अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने पुरे होईपर्यंत मे महिन्यातही वरचं पाणी नको. आजी मायेने चमचाभर पाजतात, पण त्याने पोट भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी खराब असलं तर जुलाब लागतात. त्यापेक्षा जास्त वेळा अंगावर घ्या.

प्राथमिक शिक्षिका, थाटीपूर
बाटली भरलेली परत येते, त्याचं कारण बहुधा शाळेतलं स्वच्छतागृह. घाण असलं की मुली विशेषतः शू टाळतात, आणि ती टाळायची म्हणून पाणीच पीत नाहीत. पुढे बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ. पालकसभेत आधी स्वच्छतागृहाचा विषय काढा. बाटली 500 मिलीची स्टीलची, रुंद तोंडाची. स्ट्रॉच्या बाटलीत नळी आणि रबरी रिंगेखाली बुरशी धरते, वास आला की मूल तोंड लावत नाही. रिंग काढून रोज ब्रशने घासा.

औषधविक्रेता, हजीरा
जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीची, म्हणजे ओआरएसची, पाकिटं दोन मापांची: एक लिटरचं आणि 200 मिलीचं. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवतात, ही सगळ्यात घातक चूक. रक्तातलं सोडियम वाढतं. अर्धं पाकीट अंदाजाने ओतू नका, तळाला मीठ-साखर सारखी मिसळलेली नसते. आतडं पाणी ओढून घेतं ते ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात असेल तरच. साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी सुटतं, म्हणून कोला, खोक्यातला ज्यूस जुलाबात नको. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नव्याने करा. कुठलंही द्रावण 24 तासांनी टाकून द्यायचं.

परिचारिका, मुरार
त्यालाच जोडून. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्याला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. घाईघाईत ग्लास लावला की पुन्हा उलटी, आणि घरचे म्हणतात ओआरएस पचत नाही. जेवण, दूध बंद करू नका. झिंक डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस द्या, जुलाब थांबले तरी.

क्रिकेट प्रशिक्षक
9 ते 12 वर्षांच्यांना सरावात दर वीस मिनिटांनी 100 ते 250 मिली, शिट्टी वाजवून. मागतील तेव्हा देऊ म्हणालात तर उशीर होतो.

गृहिणी, शिंदे की छावनी
कैरीचं पन्हं इथल्यासारखं भाजलेलं जिरं, पुदिना, काळं मीठ घालून, गूळ बेताचा. रोजच्या उन्हासाठी उत्तम, जुलाबासाठी नाही. फ्रिजपेक्षा माठातलं पाणी मुलं जास्त पितात, पण माठात ग्लास बुडवू नये, दांड्याचं ओगराळं ठेवावं.

परिचारिका, मुरार
लघवी फिकट पिवळी हवी. गडद झाली तर लगेच पाजायला लागा. सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, बाळाची टाळू खचलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसते, किंवा मूल सुस्त पडून पीतच नाही: यातलं काहीही दिसलं तर तसंच दवाखान्यात न्या, वाटेत चमच्याने पाजत. झोपाळलेल्या मुलाच्या तोंडात मात्र काही ओतू नका.